लागू असल्यास

शकुमावशीने डिस्चार्जचा कागद पुढे केला तेव्हा संघमित्राला आधी बरंच वाटलं. परक्या गल्लीत अचानक आपलं माणूस दिसावं तसं. वरचा निळा पट्टा, डावीकडे रुग्णाचं नाव, उजवीकडे वय आणि वॉर्ड, खाली औषधांचा तक्ता आणि त्यात सकाळ, दुपार, रात्र असे रकाने. सकाळच्या रकान्यावर छोटा सूर्य असावा की नको यावरून हॉस्पिटलच्या लोकांशी तिचा वाद झाला होता आणि शेवटी सूर्य राहिला होता. आता तो सूर्य घाटकोपरला, पंतनगरातल्या तिच्या शेजारच्या घरात, बामाच्या आणि तळलेल्या बांगड्याच्या वासात, कुणाचं तरी तेलकट बोट लागून पसरला होता.

"हा कागद माझा आहे, मावशी," ती म्हणाली.

"तुजो? नाव तर माजा आसा त्याच्यार."

"नाव तुझंच गं. पण कागदाचा साचा मी केलाय, आमच्या ऑफिसात. डॉक्टर फक्त नाव आणि औषधं भरतात, बाकीचं सगळं आपोआप छापून येतं."

"मगे वाच. माका ती बारीक अक्षरां दिसणत नाय. जयवंतान वाचल्यान, पण तो मधल्यो ओळी गिळता."

संघमित्रा हसत वाचू लागली. छातीत धडधड वाढल्याने दाखल. हृदयाचे ठोके अनियमित. मग गोळ्या, एकेक. त्यातली एक रक्त पातळ करणारी होती. त्या गोळीनंतर काय येतं हे तिला तोंडपाठ होतं, म्हणून डोळे पोचायच्या आधी जीभच पुढे निघाली आणि मध्येच अडखळली, कारण डोळ्यांसमोर वेगळेच शब्द होते: पुढील तपासणीसाठी सोमवारी यावे. ती मागे गेली. पुन्हा वाचलं. कागद उलटा केला, मागे कोरा. चौकट नव्हती. ती जाड काळ्या रेषेची चौकट, जिच्यात तिने स्वतः मराठीत लिहिलं होतं की ही गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीची कोणतीही गोळी घेऊ नका, शी डांबरासारखी काळी झाली तर थांबू नका, डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखान्यात या. हॉस्पिटलने आधी दिलेल्या मसुद्यात 'कृष्णवर्णीय मल' असं होतं. तिने ते खोडून 'डांबरासारखी काळी शी' केलं होतं, आणि ते करताना तिच्या मनात हीच बाई होती, हिला कळेल का एवढं एकच. आणि आता हिच्याच कागदावर ते नव्हतं. जागासुद्धा रिकामी नव्हती. औषधांच्या तक्त्याखाली तपासणीची तारीख अशी चिकटून बसली होती की मधून काही गेलंय असं कुणालाही वाटू नये.

"काय झाला गो? गप कित्याक झालंस?"

"मावशी, गुडघ्याला काय लावतेस?"

"लावतंय बाम. नि गोळी खातंय. मेडिकलवालो देता, पिवळी. ती घेतली काय जिनो चढाक येता." तिने उशीखालून पट्टी काढून दाखवली. बरीचशी रिकामी.

"आणि शी?"

शकुमावशी लाजली. "असा काय इचारतंस? काळी होता जरा. त्या रक्तवाढीच्या गोळयेन होता ना तशी? जयवंत म्हणालो."

संघमित्राने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. लहानपणी मावशी तिला जंत झालेत का ते असंच बघायची. आतला भाग पांढरट होता, ताकासारखा. ती उठली, मावशीच्या पायात चपला घातल्या, कागद घेतला, पट्टी घेतली, ऑफिसची बॅग खांद्याला लावली, आणि मावशी "गॅसार आमटी आसा गो" म्हणत असतानाच गॅस बंद करून तिला धरून जिना उतरवू लागली.

रिक्षात मावशी तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. हलकं डोकं. या खांद्याला त्या डोक्याची सवय नव्हती, उलटीच सवय होती. आई आणि बाबा दोघं कामावर जायचे तेव्हा शाळेतून आल्यावर संघमित्रा मावशीच्या घरी असायची, मावशीच्या मांडीवर झोपायची. मजल्यावरच्या काही घरांतून तिला पाणी मागितल्यावर वेगळ्या भांड्यात मिळे, आणि ते भांडं नंतर वेगळं ठेवलं जाई. हे तिला कळायला वेळ लागला, कारण मावशीकडे भांडी मुळात कमी होती आणि सगळे त्याच ताटल्यांतून जेवायचे. रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारच्या टेम्पोतला माणूस मोबाइलवर हसत होता. तिला वाटलं, आत्ता या क्षणी कुठकुठल्या स्वयंपाकघरांत, फ्रिजच्या वर, देव्हाऱ्यामागे, गादीखाली तो कागद घडी होऊन पडला असेल. नीटनेटका, सूर्य असलेला. तो पुरा आहे असं मानून माणसं जेवत असतील, गोळ्या घेत असतील, बाथरूममध्ये घसरत असतील. मावशीचं काय होणार ही भीती एक होती, तिला नाव होतं, तिचं डोकं खांद्यावर होतं. दुसरीला चेहरे नव्हते.

त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रक्त घेतलं गेलं, बाटली लागली, तोंडातून नळी घालून बघायचं ठरलं. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचा आवाज चढला. "रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना ही खाताय? आम्ही लिहून देतो ते वाचत नाही का तुम्ही लोक?"

शकुमावशीने डोळे मिटून घेतले. शाळेत ओरडा बसल्यावर मुलं मिटतात तसे. आणि संघमित्रा, जिच्या बॅगेत तो कागद होता, गप्प राहिली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

मावशीचा मुलगा जयवंत वसईहून, कामावरून, धावत आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने आईकडे बघितलं, रक्ताच्या पिशवीकडे बघितलं, आणि बाहेर येऊन संघमित्राचे दोन्ही हात धरले. "मित्रा, तू होतीस म्हणून. नायतर वाट लागली असती गं. मी गाढव, रक्तवाढीच्या गोळीने होतंय सांगितलं तिला. तू होतीस म्हणून वाचली." तो हात सोडेना. तिला वाटलं आपले हात आता त्याला गरम लागतील, भाजतील. ती म्हणाली, "बस तू. चहा घे." एवढंच म्हणाली.

मग ती कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर बसली आणि बॅगेतून लॅपटॉप काढला. वरचा पंखा एका लयीत खटखटत होता. साचा उघडला. साच्यात जागोजागी कंस होते आणि कंसांत अटी: जर रुग्णाला साखर असेल, जर रुग्ण गरोदर असेल, जर अमुक गोळी असेल, तर इथून पुढचं छाप. मजकूर संपला की बंद करणारी खूण, म्हणजे टॅग, इथे 'जर' संपलं. अट पुरी झाली नाही तर मधला मजकूर जातो आणि त्याच्यासोबत त्याची जागाही जाते. खालचं वर सरकतं. ऑफिसात नव्या आलेल्यांना ती हे कौतुकाने दाखवायची. बघ, फट राहत नाही. आता ती बोटाने पडद्यावर एकेक कंस मोजत खाली उतरत होती, आणि चूक सापडली तेव्हा ती इतकी लहान होती की तिला हसू आल्यासारखं झालं. गणपतीनंतर हॉस्पिटलने किडनीच्या रुग्णांसाठी पाणी किती प्यावं याचा परिच्छेद घालायला सांगितला होता. तिने तो चौकटीच्या वर घातला होता. उघडणारी खूण बरोबर जागी होती. बंद करणारी मात्र चौकटीच्या खाली पडली होती. म्हणजे चौकट आता किडनीच्या अटीच्या पोटात गेली होती. गोळी चालू असेल आणि शिवाय किडनीही बिघडलेली असेल, तरच ती छापली जायची. ज्यांची किडनी ठणठणीत, त्यांना इशारा नाही.

आणि तिने तपासलं होतं. हे सगळ्यांत वाईट होतं. तिने तपासून पाहिलं होतं आणि चौकट आली होती. कारण तपासण्यासाठी त्यांच्याकडे एक खोटा रुग्ण होता, 'टेस्ट पेशंट', वय साठ, आणि त्याला सगळंच होतं: साखर, रक्तदाब, किडनी, हृदय, सगळ्या ॲलर्जी. सगळे परिच्छेद एका वेळी बघता यावेत म्हणून त्यांनीच त्याला इतका आजारी केला होता. त्याच्या कागदावर सगळं छापून यायचं. माणसं अशी सगळ्याच बाजूंनी आजारी नसतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. शकुमावशीला नुसतं हृदय होतं.

तिला एकदम घाटकोपरच्या शाळेतला आठवीचा वर्ग दिसला. बाई टेबलावर मागासवर्गीयांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म आपटून सरळ करत म्हणाल्या होत्या, "ज्यांना लागू असेल त्यांनीच थांबा. बाकीच्यांनी घरी जा." बाकं सरकली, दप्तरं उचलली गेली, आणि जाणाऱ्यांनी वळून बघितलं. वर्गात ती आणि मागच्या बाकावरची शर्मिष्ठा, दोघीच. घरी बाबांनी, म्हणजे भाऊरावांनी, फॉर्म भरताना प्रत्येक 'लागू असल्यास' समोर पेन टेकवून थांबत थांबत वाचलं होतं. ते तार ऑफिसात होते. शब्द फुकट जाऊ देत नसत. "लागू आहे," ते म्हणायचे आणि लिहायचे. तेव्हापासून तिला कुठल्याही गर्दीत आपलं नाव वेगळं काढलं जाईल ही भीती असायची. बाकं सरकल्याचा आवाज यायचा. आत्ता या बाकावर तो पुन्हा आला. कळलं तर काय म्हणतील ते तिने ऐकलं, शब्दन् शब्द ऐकलं, कुणी न बोलता: अशांना कामावर घेतलं की हेच होणार. तिची चूक तिची राहणार नव्हती. बाबांची होणार होती, शर्मिष्ठाची होणार होती. तिने बंद करणारी खूण उचलून वर नेऊन ठेवली. सेव्ह केलं नाही. अंगठा कळीवर ठेवून बसून राहिली.

देवेश तिचा कामातला जोडीदार होता, साकीनाक्याच्या एका गाळ्यात दोघांनी मिळून कंपनीचा हा विभाग उभा केला होता. खाली लेथ चालायचे, वर यांचे संगणक. तिने त्याला तिथूनच फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे त्याच्या घरातला टीव्ही चालू होता.

"मित्रा, ऐक. आधी शांत हो. टॅग सरकवलास ना?"

"सरकवला. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चढवला नाही अजून."

"चढव. आत्ता. उद्यापासून कागद बरोबर निघतील. विषय संपला."

"आणि जे आधी निघाले?"

"ते निघाले यार. हॉस्पिटलने सही करून साचा मंजूर केलाय ना? डॉक्टर तोंडी पण सांगतातच की. आपण काय डॉक्टर आहोत का?"

"देवेश, लोकांकडे कागद आहेत ते."

"असू देत. तू तोंड उघडलंस तर सगळ्यांत आधी तुझं नाव येईल. माझं नाही येणार, साहेबांचं तर नाहीच. तुला माहितीये कसं असतं ते. मी तुझ्यासाठी सांगतोय."

तो खरंच तिच्यासाठी सांगत होता. त्याचा आवाज मऊ होता आणि त्या मऊपणात ती थोडा वेळ बसून राहिली. मग तिने साचा चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुमावशीला वॉर्डात हलवलं होतं. ओठांवर जरा रंग आला होता. जयवंत खाली औषधं आणायला गेला तेव्हा संघमित्राने स्टूल ओढलं आणि तिला सांगितलं. कंस, अटी काही सांगितलं नाही. "तुझ्या कागदावर एक गोष्ट छापायची राहिली. ती गोळी खाऊ नको अशी. माझ्यामुळे राहिली. डॉक्टर तुला ओरडले ते मला ओरडायला हवं होतं."

मावशी छताकडे बघत होती. सलाइनच्या नळीतला थेंब पडला, मग दुसरा. "जयवंताक सांगलंस?"

"अजून नाही."

"सांगा नको." मग तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण संघमित्राला अपेक्षित होती ती मायाही नव्हती. तिथे भीती होती. "तुका कामावरून काढतीत. पोलिसात देतीत. तुजो बापूस म्हातारो झालो आता. माका काय झाला नाय. तू कुणाक काय सांगा नको, ऐकलंस? माजी शपथ आसा तुका."

म्हणजे आता दोघं झाली. देवेश आणि मावशी, दोन बाजूंनी दोघांनी दार लोटून दिलं होतं, आणि आत ती सुरक्षित होती. तिला फक्त तिथे बसून राहायचं होतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची सून त्यांना पेज भरवत होती. लॉकरवर त्यांचे कागद पडले होते. संघमित्राने नकळत मान तिरकी करून निळा पट्टा दिसतो का ते बघितलं. आता हे असं होणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लॉकरांवर, टेबलांवर, औषधांच्या दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्याच्या हातात. आणि वर्तमानपत्रात कोणी पडून गेल्याची बातमी आली की त्याचं वय, त्याचं हृदय शोधत बसणार. ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. मग ती तशीच ओल्या तोंडाने जिना चढून वर गेली, जिथे डॉक्टर अनुपमांची खोली होती. हॉस्पिटलच्या वतीने साच्याचं काम त्याच बघायच्या. सूर्याला विरोध त्यांचाच होता.

ऐकताना त्यांचं पेन बंद-उघड, बंद-उघड होत होतं. "कधीपासून?"

"गणपतीनंतर तो किडनीचा मजकूर घातला तेव्हापासून."

"मी सही केली होती त्याच्यावर," त्या म्हणाल्या, स्वतःशीच. "त्या टेस्ट पेशंटचाच कागद बघून." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला की संघमित्राला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. "तुमच्यावर काय कारवाई करायची ते नंतर. माझ्यावर पण. आधी या लोकांना फोन करायचे. संगणक विभागाकडून नावं काढायला लावते. माझ्या दोन नर्स बसतील. तुम्ही पण बसा, तुम्हाला मजकूर पाठ आहे. मराठीतला."

तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत त्या तिघी फोन घेऊन बसल्या. संघमित्राला वाटलं होतं, पहिला फोन सगळ्यांत अवघड जाईल. तसं नव्हतं. प्रत्येक वेळी घंटा वाजायला लागली की तिच्या कानात रक्त चढायचं, आणि पलीकडून "हॅलो" आलं, जिवंत, वैतागलेलं, खोकणारं, की ते उतरायचं. बहुतेकांना काहीच झालं नव्हतं. भांडुपच्या एका आजींनी तिला तिचंच गाव विचारलं आणि हिंगोली म्हटल्यावर आपल्या नणंदेचं सासर सांगितलं. विक्रोळीचे एक गृहस्थ म्हणाले, दात काढायचाय उद्या, चालेल ना? आणि ती जवळजवळ किंचाळली, "नाही, आधी इथे या, आजच या!" तिला वाटायला लागलं होतं की होईल, निभावेल. तिने पुढचा नंबर लावला. मुलुंड पूर्व. एका मुलीने घेतला.

"सुबोध कारखानीस आहेत का? हॉस्पिटलमधून बोलतेय."

"मी त्यांची मुलगी, निधी. बाबा गेले. दिवाळीच्या आधी."

खोलीतला ट्यूबलाइटचा आवाज मोठा झाला. समोरची नर्स तिच्याकडे बघत होती, फोन ठेव अशी खूण करत होती. अशा वेळी ओघाने म्हणायचं एक वाक्य होतं, सॉरी, आम्हाला कल्पना नव्हती, आणि ते म्हटलं की संपलं असतं. अट पुरी होत नाही, मजकूर छापायचं कारण नाही, खालचं वर सरकतं. "कशाने गेले?" तिने विचारलं.

"बाथरूममध्ये पडले होते. डोक्याला टेंगूळ आलं होतं फक्त. बोलत होते, जेवले, मॅच बघितली. सकाळी उठलेच नाहीत." मग तिने विचारलं, "तुम्हाला कशाला हवेत ते?"

आणि संघमित्राने सांगितलं. शब्द एका ओळीत येत गेले, तिने लिहिल्यासारखे. शेवटी मुलगी म्हणाली, "हे तुम्ही घरी येऊन सांगाल? आईला. मी सांगितलं तर ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

डॉक्टर अनुपमा म्हणाल्या, एकट्या जाऊ नका, आधी वकिलांशी बोलू. कंपनीतून साहेबांचा फोन आला, त्यांना हॉस्पिटलकडून कळलं होतं; त्यांनी तिला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि कुणाशीही, कुणाशीही बोलायचं नाही असं बजावलं. देवेशने फोन उचलला नाही. जयवंतला तिने स्वतःच सांगितलं, मावशीची शपथ मोडून. तो पाठ फिरवून आईच्या खाटेपाशी जाऊन बसला. मावशी वाचली, आठवड्याने घरी आली. त्यानंतर कितीतरी दिवस जयवंत जिन्यात भेटला की बाजूला व्हायचा, पण त्याने कधी काही म्हटलं नाही. पण हे सगळं पुढचं. फोन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, उजेड असताना, संघमित्रा बसने मुलुंडला गेली. वकिलांना न विचारता. विचारलं असतं तर जाता आलं नसतं.

गव्हाणपाड्यातली जुनी इमारत, बाहेर वाळत घातलेले पडदे. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मुलीने नाही, आईनेच. सुलक्षणा कारखानीस. पन्नाशीच्या, बारीक, गळा मोकळा. "या. चपला आतच काढा, बाहेर ठेवल्या की जातात."

घर लख्ख होतं. टीव्हीसमोर एक आरामखुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण निधी जमिनीवर बसली होती. पाणी आलं. संघमित्राने ते हातात धरून ठेवलं. या घरातलं पाणी आधी पिऊन मग ते सांगायचं हे तिला जमेना. तिने सांगितलं. कुठलाही आडपडदा न ठेवता, डॉक्टरांची सही मध्ये न आणता. हा इशारा कागदावर असायला हवा होता. पडले तर बरं वाटत असलं तरी आणा, असा. तो नव्हता. तो माझ्या चुकीने नव्हता.

सुलक्षणाबाईंनी उठून फ्रिजवरून कागद आणला. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत, मग पुन्हा. "मी हे इतक्यांदा वाचलंय," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर. माझं काय चुकलं ते बघायला. पाठ झालंय मला. सोमवारी यावे." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "त्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं होतं त्यांना, नेऊ का दवाखान्यात? ते म्हणाले, एवढ्याशा टेंगळाला? मी कागद बघितला. त्याच्यात काही नव्हतं. म्हणून मी गप्प बसले."

"आई," निधी म्हणाली.

"थांब गं." त्यांचा आवाज कापत होता, पण त्या रडत नव्हत्या. "मोठे भाऊजी बाराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले, माणूस पडला आणि ही झोपली. सगळ्यांसमोर. मी काही बोलले नाही. मला वाटलं, खरंच म्हणतायत. रोज वाटतं मला. आंघोळीला जाते तेव्हा वाटतं." त्या संघमित्राकडे वळल्या आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुम्ही हे मला सांगायला आलात ते बरं केलंत असं मी म्हणणार नाही. तुम्हाला माफ करीन असं पण समजू नका. मला ते येत नाही."

"हो," संघमित्रा म्हणाली.

"निधी, भाऊजींना फोन लाव. म्हणावं, असाल तसे या. आईने बोलावलंय." मग पुन्हा तिच्याकडे. "इथेच राहतात, स्टेशनच्या पलीकडे. तापट आहेत. हात पण उचलतील, सांगता येत नाही. आत्ता मला जे सांगितलंत ते त्यांच्यासमोर सांगाल का? तसंच्या तसं?"

संघमित्राला वाटलं उठावं, चपला आतच आहेत, दार दोन पावलांवर आहे. बाकं सरकल्याचा तो आवाज आला, नेहमीसारखा, सगळे उठून निघालेत आणि ती तेवढी राहिलीय. "सांगेन," ती म्हणाली.

मग तिघी वाट बघत बसल्या. सुलक्षणाबाईंनी मध्येच पंखा वाढवला. खाली भाजीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं, मेथीवरून. संघमित्राने ते पाणी प्यायलं, सगळं. जिन्यात जड पावलं वाजायला लागली, एका मजल्यावर थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि बेल वाजली तेव्हा कुणी सांगायच्या आत ती उठून उभी राहिली होती.